न दिसणारा टाका

आमच्या मंडळाचा नियम एकच आहे. मोडकी वस्तू आणायची आणि तिच्यासोबत दुरुस्तीची एक म्हण आणायची. म्हण इंग्रजी असली तर तिला हिब्रू जोडीदार मिळेपर्यंत, आणि हिब्रू असली तर इंग्रजी जोडीदार मिळेपर्यंत वस्तू टेबलावरून हलत नाही. मग तुमची किटली केव्हाच दुरुस्त झालेली असो.

नियम माझा आहे. मी मिल्का. बेर शेवाच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, मग घरी बसून नवऱ्याला सुधारायला घेतलं. ते काही जमेना, तेव्हा इतर वस्तूंकडे वळले. लहानपणी रेवदंड्याहून आईचं बोट धरून इथं इस्रायलमध्ये आले, त्यामुळे इंग्रजी आणि हिब्रू म्हणींचं भांडण चाललं असताना माझ्याकडे तिसरी, मराठी म्हण तयार असते. पण ती कुणी मागत नाही. शब्दांच्या बाबतीत मी भोचक आहे. माणसांच्या बाबतीतही आहे, पण ते लोकांना आवडत नाही, म्हणून शब्दांचं नाव पुढे करते.

मंगळवारी सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या, हल्ल्यात लपायला जमिनीखाली बांधलेल्या सार्वजनिक निवाऱ्यात जमतो. सायरन वाजत नसतो तेव्हा निवाऱ्याला काही काम नसतं. नगरपालिकेकडून किल्ली घेतली, खाली टेबलं लावली, चहाची सोय केली. जाड भिंती, खिडकी नाही, दिवा लावला नाही तर स्वतःचा हातही दिसत नाही. उन्हाळ्यात मात्र गावात याच्याइतकी गार जागा दुसरी नाही.

विजेचं सगळं नईमकडे. त्याचे आई-वडील बगदादचे. याने आयुष्यभर फ्रिज, पंखे आणि रेडिओ उघडले आणि मिटले. कापडाचं सगळं बेरिलकडे. ती इंग्लंडातल्या लीड्सची, लोकरीच्या कोटांच्या गावची, शिंप्याची मुलगी. महागड्या सुटाला भोक पडलं की तो तिच्याकडे जायचा. ती त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा काढायची आणि भोकावर विणत जायची, आडवा, उभा, आडवा, उभा. झालं की भोक कुठं होतं ते गिऱ्हाईकाला दाखवता यायचं नाही. पैसे देताना लोक संशयाने बघायचे, असं ती अभिमानाने सांगायची. लेकीने इथं लग्न केलं म्हणून म्हातारपणी बेर शेवाला आली. हिब्रू बरी बोलते. पण हिब्रूत अहो-जाहो नसूनही तिचं बोलणं ऐकणाऱ्याला ते ऐकू येतं.

"वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो," ती पहिल्याच मंगळवारी म्हणाली.

"नऊच का?" नईमने विचारलं.

"म्हण आहे ती. मोजायची नसते."

"इंग्रज माणूस न मोजता बोलतो होय? आमच्यात घाव बसायच्या आधी औषध तयार ठेवतात."

"घाव कुठून आला? मी सदऱ्याबद्दल बोलतेय."

"तुमचे सदरे फाटतात, बाईसाहेब. आमची डोकी फुटतात."

मी जोडी मंजूर केली. तेव्हापासून दर मंगळवारी हा तमाशा मला फुकट बघायला मिळू लागला. तिने दुरुस्त झालेल्या दिव्याला 'पावसासारखा ठणठणीत' म्हटलं, तर नईम म्हणाला, इथं पाऊस पडला की पहिला दिवाच जातो. त्याने जोड दिली, 'शंभर टक्के'. ती म्हणाली, ही म्हण नव्हे, हे प्रगतिपुस्तक आहे. 'मोडलं नसेल तर दुरुस्त करायला जाऊ नये' याला त्याने 'जिंकणारा घोडा बदलत नाहीत' ही जोड दिली, आणि मग सगळी सकाळ घोडा मोडतो का यावर गेली. 'ठिगळावर ठिगळ' हिब्रूतून आलं तेव्हा बेरिलने कानांवर हात ठेवले. तिला ते ऐकवेना.

खरं भांडण म्हणींचं नव्हतंच. नईमने जोडलेला टोस्टर तांब्याच्या तारेने बांधलेला असायचा, पण पाव भाजायचा. ते बघून बेरिलच्या कपाळाला आठी पडायची.

"हा चालतो. पण हा दुरुस्त झालेला नाही."

"चालतो म्हणजे आणखी काय हवं? गाऊन दाखवू दे का त्याला?"

"मोडला होता हे कुणाला कळता कामा नये."

"मग मी काय केलं ते कुणाला कसं कळणार?"

माझं शिवणही तिच्या तावडीतून सुटलं नाही. मी एकदा उशीचा अभ्रा घरूनच शिवून नेला. तिने तो उजेडाकडे धरला आणि उलटसुलट करून बघितला.

"मिल्का, हे टाके तुम्ही डोळे मिटून घातलेत का?"

"नाही गं, चांगले उघडे ठेवून."

"मग एकदा मिटून बघा. सुधारतील कदाचित."

नईम वाकून बघायला आला. "यावरून कोंबडी चालत गेलीय. बरं, ती लंगडी होती." बेरिलने माझं सगळं उसवलं आणि चहा निवायच्या आत पुन्हा शिवून दिलं. मला राग आला, पण अभ्रा घेतला. अजून वापरते.

मागल्या हिवाळ्यात बेरिलची आई लीड्सला वारली. ती तिकडे जाऊन सगळं करून आली. परत आली तेव्हा आम्ही विचारलं, कशी आहेस, तर इंग्रजीत म्हणाली की मी आता दुरुस्तीच्या वाटेवर आहे. इंग्रजीत बरं होणाऱ्या माणसाला असंच म्हणतात. मी नईमला सांगितलं तर तो म्हणाला, "माणूस काय फ्रिज आहे?" पण हळू म्हणाला, तिला ऐकू जाणार नाही असा. मग ती कामाला लागली. तिच्या डोळ्यात पाणी मी कधी पाहिलं नाही, आणि माझ्या नजरेतून तसं काही सुटत नाही.

आता जाकिटाचं सांगते. नईमकडे एक करडं लोकरीचं जाकीट होतं. थंडी सुरू झाली की अंगावर चढायचं ते वसंतापर्यंत उतरत नसे. त्याला डाव्या छातीवर वीतभर लांब चीर होती आणि ती पांढऱ्या दोऱ्याच्या लांब, वाकड्या, सैल टाक्यांनी कशीबशी धरून ठेवलेली होती. बेरिल त्याच्याशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, त्या चिरेकडे बघायची. हलवायाला शिळी मिठाई दिसावी तसं तिचं तोंड व्हायचं.

शेवटी एकदा तिला राहवलं नाही. "हे कुणी शिवलं?"

"मी."

"मी नीट करून देऊ?"

"राहू दे."

"काही त्रास नाही हो. एका दुपारचं काम."

"राहू दे म्हटलं ना," नईम म्हणाला आणि पंख्यात डोकं घातलं.

मी माझ्या परीने तर्क केला होता. पक्कड अडकून फाटलं असणार आणि हा कंजूष माणूस बाईच्या हातचं उपकाराचं काम नको म्हणून मिजास करतोय. बेरिललाही मी तेच सांगितलं. तिला ते पटलं.

पेसाहच्या सणाआधी एका मंगळवारी अचानक गरम वारा सुटला. नईमने जाकीट काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं आणि तसंच विसरून घरी गेला. पुढचा मंगळवार सणाचा, मंडळ बंद. बेरिलने जाकीट खिळ्यावरून काढलं, घडी केली, पिशवीत ठेवलं. मला म्हणाली, "सांगू नका त्यांना." मी का सांगेन? मला तर त्याचं तोंड कधी बघते असं झालं होतं.

सण संपला, आठवडाभर वर्ज्य असलेले पाव पुन्हा घरात आले, आणि मंडळ भरलं. नईम घरून चण्याचे सांबुसक, म्हणजे बगदादी समोसे, घेऊन आला होता, खुशीत होता. बेरिलने पिशवीतून जाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. इस्त्री केलेलं, बटणं पुन्हा घट्ट शिवलेली. तिचे कान लाल झाले होते.

"तुमचं. सणाची भेट."

नईमने ते उचललं. छातीवर हात फिरवला. मग उलटं करून आतून बघितलं, पुन्हा सुलटं केलं, आणि दिव्याजवळ नेलं. तिथं काहीच नव्हतं. चीर नाही, पांढरा दोरा नाही, नुसतं करडं सलग कापड. मी तर आ वासून बघत होते. अशी कारागिरी मी जन्मात पाहिली नव्हती.

"कुठंय?" तो म्हणाला.

"काय?" बेरिल हसली. तिला वाटलं, तो तारीफ करतोय.

"माझी चीर कुठंय?"

त्याने टेबलावरचं तारा सोलायचं पातं उचललं आणि डाव्या छातीच्या जागी कापडाला लावलं. बेरिल एवढ्या जोरात ओरडली की भिंतींनी ते परत आम्हालाच ऐकवलं.

"थांबा! काय करताय?"

"माझ्या आईची आहे ती," नईम म्हणाला. "माझ्या आईची चीर आहे. तू ती बुजवलीस."

मग मला कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. आम्हा ज्यूंमध्ये घरचं माणूस गेलं की अंगावरचा कपडा फाडतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतरांसाठी उजवीकडे, आई-वडिलांसाठी डावीकडे, काळजावर. पण शोकाचे सात दिवस संपले की तो कपडा कपाटाच्या तळाशी जातो. तो घालून कुणी टोस्टर उघडून बसत नाही. नईम बसत होता.

"भाऊ गेला तेव्हाही फाडलं," तो म्हणाला. पातं अजून हातातच होतं. "ते तीस दिवसांनी शिवलं. शिवता येतं. भाऊ, बहीण, बायको, लेकरू, सगळ्यांचं नीट शिवता येतं. आई-बापाचं नाही. नुसतं लोंबू नये म्हणून कच्चे टाके घालायचे, वाकडेतिकडे. जोडायचं नाही. कधीच नाही. मी कपडा कुणाला विकला, तर घेणाऱ्यालाही सांगावं लागतं, बाबा रे, हे जोडू नकोस."

"मला माहीत नव्हतं," बेरिल म्हणाली. "मला वाटलं, पक्कड." तिने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"आयुष्यभर लोकांचं मोडलेलं जोडत आलो मी. एवढं एक होतं जे मी जोडायचं नव्हतं. बरं वाटायचं मला. आता नवीन कापू का? नवीन चीर आईची कशी होईल?"

"कापू नका," बेरिल म्हणाली. तिचा आवाज आता कामाचा झाला होता. "जुनी आतच आहे. मी तुमच्या कापडाचा एकही धागा कापलेला नाही. वर माझे विणलेत. माझे काढले की तुमची चीर होती तशी खाली असेल. पण पातं लावलंत तर दोन्ही जातील."

"मग काढ तुझे."

ती दिव्याखाली बसली. भिंग लावलं. सुई घेतली. बघत राहिली, बघत राहिली, आणि हळूहळू तिचा चेहरा उतरला. तिलाच तिचे धागे सापडेनात. चुकून त्याचा एखादा ओढला असता तर ती चीर बिघडली असती, कायमची. नईम समोर उभा होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मग ती उठली. "वर चला. उन्हात."

निवाऱ्याच्या दाराशी बाक आहे. तिथं ऊन असं पडतं की डोळे दिपतात. तिने जाकीट मांडीवर पसरलं, तिरकं केलं, पुन्हा तिरकं केलं. "हे बघा," ती म्हणाली. मला काही दिसलं नाही, पण तिला दिसलं. तिने वापरलेले धागे आतल्या दुमडीतले, त्यांनी ऊन कधी पाहिलं नव्हतं. बाहेरचं कापड इथल्या उन्हात वर्षानुवर्षं विटलेलं. लीड्सच्या ढगाळ उजेडात हा फरक कुणाच्या बापाला कळला नसता. बेर शेवाच्या उन्हात चीर जिथं होती तिथं एक किंचित गडद पट्टी उठून आली.

नईमने कापड ताणून धरलं. ती सुईच्या टोकाने एकेक धागा उचलून ओढू लागली. दोघांची डोकी जवळजवळ टेकलेली. मला शांतता सोसत नाही.

"इंग्रजीत याला 'अनस्टिच' म्हणतात," मी म्हटलं. "म्हणजे घातलेला टाका परत घेणं."

"आमच्यात साधा शब्द आहे. शिवणीच्या उलट," नईम म्हणाला. वर बघितलं नाही, पण उत्तर दिलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. "आणि तुझ्या मराठीत?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी विचारलं. "उसवणं. पण आई गेल्यावरचं आम्ही वेगळं बोलतो. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार, असं म्हणतो."

बेरिलची सुई थांबली. मग पुन्हा चालू झाली.

शेवटचा धागा निघाला आणि कापडाने तोंड उघडलं. जुन्या, विसविशीत कडा, होत्या तशा. नईमने त्यावर तळहात ठेवला. मग सुई मागून घेतली, पांढरा दोरा ओवला, आणि तिथंच बाकावर वाकडे टाके घालायला लागला. बेरिल बघत होती. असं वाईट शिवण तिने तोंडातून शब्द न काढता पाहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

"कधीच नाही?" तिने शेवटी विचारलं.

"काय कधीच नाही?"

"आईचं. पुष्कळ दिवस गेले तरी?"

"मी काही रब्बी, धर्मगुरू नाही. पण माझ्या आईने मला सांगितलं होतं, कधीच नाही. तिने तिच्या आईसाठी फाडलेला झगा मी पाहिलाय, तसाच."

ती उठली, पिशवी घेतली, आणि निरोप न घेता निघून गेली. बेरिल निरोप न घेता गेली याचा अर्थ काय होतो ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. नईमने दोनदा जिन्याकडे बघितलं आणि दोन्ही वेळा मला सांगितलं की मांजर आलंय वाटतं. मांजर नव्हतं.

"जास्त बोललो का मी?" त्याने विचारलं.

"बोललास. पण खोटं नाही बोललास."

"तुटलेलं माणूस पुन्हा जोडायला इंग्रज काय म्हणतात?"

"कुंपण दुरुस्त करणं."

त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "कुंपण? समेट करायचा आणि मध्ये कुंपण घालायचं?"

"चांगलं कुंपण असलं की शेजारी भांडत नाहीत, असा हिशोब असेल."

"आम्ही फाटलेलं जोडणं म्हणतो," तो म्हणाला, आणि स्वतःच्या छातीवरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तिला फोन कर. सांग, सांबुसक आणलेत."

मी फोन केला. तिने उचलला नाही.

त्याच्या पुढच्या मंगळवारी वाळवंटाकडून खमसिन, तो भाजणारा वारा, सुटला होता. आभाळ पिवळं, दारं-खिडक्या बंद, कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. आणि बेरिल जिना उतरून आली ती गळ्यापर्यंत बटणं लावलेला निळा लोकरीचा कोट घालून. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. नईम धावत गेला आणि तिला खुर्ची दिली. तिने कोट काढला आणि टेबलावर पालथा नाही, सुलटा ठेवला. डावी बाजू वर.

"हा मी लीड्सला घातला होता," ती म्हणाली. "आईला नेलं तेव्हा. रब्बींनी इथं कात्रीने कापलं, मग मी हाताने ओढलं, बोटभर. तुमच्याएवढं मोठं नव्हतं. म्हणून तुमचं ओळखलं नाही मी."

आम्ही बघितलं. कोट नवाकोरा दिसत होता.

"तीस दिवस झाले आणि मी बसले शिवायला. फाटलं की शिवायचं, मला दुसरं काय येतं? कुणी मना केलं असेल तर मला ऐकू आलं नाही. सगळ्यांना म्हणत होते, दुरुस्तीच्या वाटेवर आहे. एवढं सुरेख काम मी आयुष्यात केलं नाही, मिल्का. वडिलांनी पाहिलं असतं तर..." ती थांबली. "आता मला ते उघडायचंय आणि मला सापडत नाही. दोन आठवडे शोधतेय. बाल्कनीत, गच्चीवर, भर उन्हात. हा कोट कपाटातच होता, विटलाच नाही. सगळे धागे सारखे. मला माझ्या आईची चीर सापडत नाहीये."

आणि ती रडायला लागली. तोंड झाकून नाही, रुमाल शोधून नाही. हात टेबलावर तसेच ठेवून, लहान मूल रडतं तशी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

नईम मात्र कोटाकडे बघत होता, बंद पडलेल्या यंत्राकडे बघतो तसा. त्याने अस्तर चाचपलं. "हे खालून सोडवता येईल?"

"येईल," ती नाक ओढत म्हणाली.

"सोडव. माझे डोळे आता गेले, पण फ्रिजच्या पाइपला बारीक तडा असला तर मी डोळ्यांनी शोधत नाही. मागून दिवा लावतो."

तिने अस्तराची शिवण खालून सोडली. त्याने तारेला लावलेला छोटा दिवा आतून वर सरकवला, कापड आणि अस्तर यांच्या मधोमध, काळजाच्या जागेपर्यंत. मग मला म्हणाला, "मिल्का, मोठा दिवा घालव."

मी बटण दाबलं. निवाऱ्यात असा काळोख झाला की कोट तेवढा दिसत होता, निळा, आतून पेटलेला. विणीतल्या भोकाभोकातून उजेड झिरपत होता. आणि कॉलरच्या खाली, बोटभर लांब, एक काळी रेघ. तिथं तिचे धागे आणि कापडाचे धागे एकावर एक आले होते, तिथून उजेड येत नव्हता.

"इथं आहे," बेरिल म्हणाली. तिने रेघेवर बोट ठेवलं. "इथं आहे गं आई."

तिने त्या उजेडातच सुई लावली. आम्ही दोघं काळोखात उभे राहिलो. एकेक धागा निघत गेला तशी काळ्या रेघेची उजळ रेघ होत गेली, आणि शेवटी आतला दिवा तिच्या तोंडावर पडला. मग मी मोठा दिवा लावला.

नईमने तिला पांढरा दोरा ओवून दिला. "आता कच्चे टाके. मोठे घाल, वाकडे."

तिने एक टाका घातला. सरळ, बारीक, छापल्यासारखा. तिने तो बघितला, काढला, पुन्हा घातला. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा तिचा हात मुद्दाम वाकडा गेला, आणि टाका तरीही देखणाच पडला.

"मला येत नाही," ती म्हणाली. "मला वाईट शिवताच येत नाही."

तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि सुई पुढे केली.

"मिल्का, तुम्ही शिवा."

"मी? माझा अभ्रा विसरलीस?"

"नाही विसरले. म्हणूनच."

मी चष्मा पुसला, सुई घेतली आणि शिवलं. जमेल तेवढं वाईट शिवलं, आणि मला ते फार छान जमतं. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये गाठ. नईम बाजूने म्हणाला, "लंगडी कोंबडी," आणि दिवा माझ्या हाताजवळ धरला. बेरिलने माझे टाके एकेक करून बोटाने चाचपले. एकाही टाक्याला तिने नाव ठेवलं नाही.

मग तिने कोट अंगात घातला, खमसिनमध्ये, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि जिना चढायला लागली. तिची म्हण आणायची राहिली होती. मीही मागितली नाही, कोट तसाच जाऊ दिला.